दूरची प्रयोगशाळा आणि सामाईक उपकरण

माझा विषय तत्त्वज्ञान. तेव्हा प्रयोगशाळेबद्दल मी का बोलतोय, असं वाटेल तुम्हाला. पण ‘मी पाहिलं’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आमच्याच घरचा आहे. उपकरण एका गावात आणि पाहणारा दुसऱ्या गावात असेल, तर तो फारच अवघड होतो.

आधी वाटून घेण्याचा इतिहास पाहू. महागडं उपकरण प्रत्येक विद्यापीठाला परवडत नाही, म्हणून 1988 साली पुण्यात आयुका उभी राहिली. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. तिच्या नावातच ‘आंतरविद्यापीठीय’ आहे. पुढे 2006 मध्ये जुन्नरजवळ गिरवलीला दोन मीटर व्यासाची दुर्बीण आली. दुर्बीण एक, मागणारे अनेक, आणि रात्री मोजक्याच. म्हणजे खरी वाटणी होते ती वेळेची.

याच सुमारास अमेरिकेत एक वेगळी वाट निघाली होती. एमआयटीत 1998 मध्ये खेसूस देल आलामो यांनी ट्रान्झिस्टरची मोजमापं इंटरनेटवरून करायची सोय केली. पुढे युगांडा, नायजेरिया आणि टांझानियातल्या विद्यापीठांशी त्या कामाची भागीदारी झाली. उपकरण जागेवरच राहिलं, हात तेवढा लांब झाला!

आपल्याकडे केंद्र सरकारचं माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षण देण्याचं राष्ट्रीय अभियान 2009 मध्ये सुरू झालं. त्यातून ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ आल्या. आयआयटी मुंबई त्यात होती, पुण्याचं सीओईपीही होतं. पण इथे एका शब्दाने घोळ घातला बरं का. त्यातले बहुतेक ‘प्रयोग’ म्हणजे संगणकावरची प्रतिरूपं. समीकरणात जे घातलंय तेच बाहेर येणार. प्रतिरूप वाईट नसतं, तयारीला उत्तम असतं. मात्र ते तुम्हाला कधी चकवत नाही.

म्हणून मला पवईचं एक साधं यंत्र फार मोलाचं वाटतं. वांद्र्याहून पवई तशी जवळच, रहदारीने मनावर घेतलं नाही तर! आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या गटाने ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टीम’ केली. एक तापणारं वेटोळं, एक पोलादी पट्टी, एक पंखा, एक तापमापक. विद्यार्थी आपल्या गावातून वेळ राखून ठेवतो, सायलॅबमध्ये लिहिलेल्या आज्ञा पाठवतो, आणि पवईतली ती खरीखुरी पट्टी तापते. खोलीतली हवा बदलली की आकडा हलतो. दोन यंत्रं तंतोतंत सारखी वागत नाहीत. पुस्तकातला आलेख आणि समोरचा आलेख जुळत नाहीत, तेव्हा मुलगा थांबतो, विचार करतो. पाहणं तिथे सुरू होतं, असं माझं मत आहे. डोळा किती किलोमीटरवर आहे हा मुद्दा गौण.

मग अशी यंत्रं गल्लोगल्ली का नाहीत? कारण अगदी घरगुती आहे. प्रतिरूपाच्या हजार प्रती निघतात. खरं यंत्र एका वेळी एकाच्याच हातात असतं. शिवाय पंखा झिजतो, तार जळते, सर्व्हर बंद पडतो. यंत्र बसवायला प्रकल्पाचा निधी मिळतो. सातव्या वर्षी पंखा बदलायला कोण जाणार, हे प्रस्तावात क्वचितच लिहिलेलं असतं. आणि वीस कॉलेजं एकच यंत्र वापरत असतील, तर तो पंखा नेमका कोणाचा? मान्यता देणाऱ्या समितीने दूरच्या यंत्रावरचं प्रात्यक्षिक धरायचं की नाही, हेही तिथेच अडतं. प्राचार्य मंडळी समोर बसली आहेत, त्यांना मी हेच विचारतो आहे: तुमच्या वार्षिक अंदाजपत्रकात दुसऱ्याच्या इमारतीतल्या पंख्यासाठी एखादी ओळ आहे का?