शिकाऊ हाताला रॉडच हवा

फॅब्रिकेशन शिकू पाहणाऱ्या मुलाला आज दुकानात आणि वर्कशॉपमध्ये बहुतेक एकच सल्ला मिळतो: रॉडचं वेल्डिंग मागं पडलं, सरळ सीओटूचं मशीन घे, लवकर हात बसेल. हा सल्ला पोकळ नाही, म्हणून आधी त्याची बाजू नीट मांडायला हवी.

सीओटू, म्हणजे मिग पद्धतीत, बटण दाबलं की तार आपोआप पुढे येते. रॉड संपला म्हणून थांबावं लागत नाही, स्लॅग फोडत बसावं लागत नाही. एक मिलिमीटरच्या पत्र्यावर रॉडनं हमखास भोक पडतं, तिथं मिग सहज जोड देते. एमआयडीसीतल्या कारखान्यांत दिवसभराचं उत्पादन याच पद्धतीवर चालतं. हे सगळं मान्य. पण त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, की जे चालवायला सोपं तेच शिकायला योग्य, तो मला मान्य नाही.

कारण मशीनच्या रचनेतच आहे. रॉडच्या मशीनमध्ये करंट जवळपास स्थिर राहतो आणि आर्कची लांबी माणसाच्या हातात असते. रॉड लांब गेला की आर्क फडफडते, ठिणग्या उडतात, शेवटी ती तुटते. फार जवळ आला की रॉड चिकटतो. चूक झाली त्याच क्षणी ती हाताला, डोळ्याला आणि कानाला कळते.

मिगमध्ये मशीन व्होल्टेज स्थिर ठेवतं. आर्क लांबली की करंट आपोआप उतरतो, तार सावकाश वितळते आणि आर्क मूळ लांबीवर येते. उत्पादनासाठी ही मोठीच सोय आहे. पण शिकाऊ माणसानं टॉर्च लांब धरली, की नळीबाहेरची तार वाढते, करंट घटतो, पत्र्यात उतरणारी उष्णता कमी होते आणि तरीही बीड पडतच राहते. भर पत्र्यावर बसते, पत्र्यात मिसळत नाही. वरून जोड गुळगुळीत दिसतो. शिकणाऱ्याला वाटतं, जमलं.

ही शंका माझ्या एकट्याची नाही. कमी व्होल्टेजवर तार पत्र्याला टेकत-टेकत वितळते, त्या शॉर्ट-सर्किट प्रकाराला अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी १.१ या पोलादी बांधकामाच्या संहितेत पूर्वमान्यता नाही. आधी चाचणी देऊन पद्धत सिद्ध करावी लागते. वेल्डरच्या परीक्षेत इतर पद्धतींना वाकवून पाहण्याऐवजी एक्स-रे चालतो, या प्रकाराला ती सवलत नाही. न मिसळलेल्या भरीची सपाट, बारीक फट एक्स-रेला सहज चकवते. आणि शिकाऊ माणूस विकत घेतो त्या छोट्या मिग मशीनवर बहुतांशी हाच प्रकार चालतो.

यावर कोणी म्हणेल, मग सीओटूवरच शिकावं आणि जोड तोडून तपासावा. शेजारी जाणता उस्ताद असेल तर तेही जमेल. पण तोडून पाहणं जोड झाल्यावरचं आहे. रॉड जोड चालू असतानाच चूक दाखवतो. एकट्यानं शिकणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे.

दुसरा आक्षेप असा, की रॉड सारखा चिकटतो आणि पोरगं कंटाळून सोडून देतं. तसं होतं, पण त्याची कारणं बहुधा ठरलेली असतात: करंट कमी, रॉड दमट, पत्रा गंजलेला, अर्थिंगची पकड ढिली. ३.१५ मिलिमीटरचा ६०१३ रॉड ५-६ मिलिमीटरच्या स्वच्छ पट्टीवर १०० ते ११० अँपिअरला चालवला, तर चिकटणं पुष्कळ कमी होतं.

मग मशीन कोणतं? वरच्या कामाला ४०० अँपिअरचं धूड लागत नाही. सिंगल फेजवर चालणारा २०० अँपिअरचा इन्व्हर्टर पुरेसा आहे, पण अँपिअरचा आकडा वाचून थांबू नये. ड्यूटी सायकल वाचावी. २०० अँपिअरला ३० टक्के म्हणजे दहा मिनिटांत तीनच मिनिटं काम. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तेच मशीन ११० अँपिअरवर जवळपास सलग चालू शकतं. त्या करंटला सुमारे तीन किलोवॅट वीज ओढली जाते, तेव्हा जाड वायरची वेगळी लाइन हवी. आणि मशीनवर दोन पैसे कमी खर्च झाले तरी चालतील, काळी काच मात्र चांगलीच घ्यावी.

सराव असा करावा: दोन पट्ट्या काटकोनात उभ्या करून एकाच बाजूनं वेल्डिंग मारावं, थंड झाल्यावर उभी पट्टी जोडाच्या बाजूला हातोड्यानं पाडावी आणि तुटलेला भाग पाहावा. कोपऱ्यापर्यंत भर मिसळली आहे का, स्लॅग अडकला आहे का, हे तिथं उघड दिसतं.

ज्याला फक्त गाडीच्या बॉडीचा पातळ पत्राच जोडायचा आहे, त्यानं मिगनंच सुरुवात करावी. तिथं रॉडचा आग्रह चुकीचा. पण ट्रॉलीचा हूक, पाण्याच्या टाकीचा स्टँड, गॅलरीचं रेलिंग यांच्या जोडांवर माणसांचे जीव अवलंबून असतात. ते करणाऱ्यानं आधी रॉडवर आर्क ओळखावी आणि मग सीओटू हातात घ्यावं. शिकण्याचा क्रम त्या माणसांच्या जिवाकडे पाहून ठरायला हवा, आणि त्यासाठी रॉडवर घालवलेले काही महिने मला मुळीच जास्त वाटत नाहीत.