शाकाहार आणि चयापचयी लक्षणसमूह

पोटाचा वाढलेला घेर, चढा रक्तदाब, उपाशीपोटी वाढलेली रक्तशर्करा, जास्त ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) या पाचांपैकी तीन लक्षणे एकत्र दिसली की त्यास चयापचयी लक्षणसमूह म्हणतात. भारतीयांत घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंमी. धरतात.

वनस्पतिजन्य आहाराने या लक्षणसमूहाचा धोका घटतो, पण सरसकट नव्हे. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी यांतील तंतुमय पदार्थ साखरेचे शोषण मंदावतात. साबुदाण्याची खिचडी, मैद्याची खारी आणि गोड चहा हेही शाकाहारीच. त्यांनी रक्तशर्करा झपाट्याने चढते.

शाकाहारात उणे राहू शकणाऱ्या बी१२ जीवनसत्त्वाबाबत पुण्यातील संशोधन फार मोलाचे आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या खेड्यांत माता-बालकांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळे वजनाने कमी, तरी तुलनेने चरबी राखून असलेली आढळली. गर्भवतींमध्ये बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास होती. आईचे बी१२ कमी आणि फोलेट जास्त असल्यास सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिन-रोध (इन्सुलिनला शरीराचा कमी प्रतिसाद) सर्वाधिक दिसला, हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पतींतून बी१२ भरवशाने मिळत नाही. शाकाहारी व्यक्तीने ते दूध-दह्यातून, तर दूधही वर्ज्य करणाऱ्याने पूरक गोळीतून घेणे आवश्यक ठरते.