खनिजांचे वर्गीकरण

निसर्गात आपोआप तयार झालेला, ठरावीक रासायनिक घटकांचा आणि आत अणूंची ठरावीक मांडणी असलेला घन पदार्थ म्हणजे खनिज. जगात सुमारे ६ हजार खनिजे माहीत आहेत.

रायगड जिल्ह्यातील चौकजवळचे इर्शाळगड आणि प्रबळगड ज्या काळ्या कातळाचे आहेत, तो बेसाल्ट. तो खनिज नव्हे, खडक आहे. फेल्डस्पार, पायरोक्सीन अशी खनिजे मिळून तो बनला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि आंबोळीला पडते तशी खडकाला जाळी पडली. पुढे त्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यातून पांढरे, पारदर्शक, क्वचित गुलाबी वा हिरवट स्फटिक वाढले. कर्जतवरून खंडाळ्याला चढणारा बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. त्याच्या खोदकामात असे देखणे स्फटिक मिळाले.

रंगावरून मात्र खनिज ओळखू नये. गारगोटी, कॅल्साइट आणि स्टिल्बाइट ही तिन्ही पांढरी असू शकतात. मग कठीणपणा पाहावा. फ्रीडरिख मोस यांनी १८१२ मध्ये त्यासाठी १ ते १० अशी श्रेणी ठरवली: शंखजिरे १, हिरा १०. कॅल्साइट ३ वर आहे, त्यावर चाकूचा ओरखडा उठतो. गारगोटी ७ वर, तिच्यावर उठत नाही. कॅल्साइटवर सौम्य आम्ल टाकले की बुडबुडेही येतात. स्टिल्बाइट तापवले तर त्यातले पाणी वाफ होऊन निघून जाते. ते झिओलाइट गटातले खनिज आहे.

ही झाली ओळख. गट पाडताना शास्त्रज्ञ खनिज कशाचे बनले आहे ते आधी पाहतात आणि मग अणूंची मांडणी. सोने हे मूलद्रव्य, मीठ हॅलाइड, कॅल्साइट कार्बोनेट. सर्वांत मोठा गट सिलिकेटांचा. फेल्डस्पार आणि झिओलाइट त्यातलेच. गारगोटीबाबत मात्र दोन पद्धती आहेत. घटक पाहणारे तिला ऑक्साइड मानतात, मांडणी पाहणारे सिलिकेटांत बसवतात. दोन्हींना भक्कम आधार आहे.

झिओलाइटांचे उत्तम नमुने सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात पाहता येतात. मुलांनी खडीच्या खाणीत किंवा कड्याखाली जाऊ नये. वाटेत स्फटिक सापडला तर तो कुठे मिळाला हे चिठ्ठीवर लिहून त्याच्यासोबत ठेवावे. ठिकाण माहीत नसलेल्या नमुन्याचा अभ्यासाला फारसा उपयोग होत नाही.