घाट चढलेले इंजिन लगेच बंद का करू नये?

मलकापूरहून चिखलीकडे निघालेली भरलेली मालमोटार राजूर घाट चढून येते आणि माथ्यावर चहासाठी थांबते. जाणता चालक गाडी बाजूला घेतो, पण किल्ली लगेच फिरवीत नाही. मिनिट-दोन मिनिटे तो इंजिन संथपणे चालू ठेवतो आणि मगच बंद करतो. कारण विचारले तर ‘टर्बो आहे ना गुरुजी, तापलेला असतो’ एवढेच उत्तर मिळते. या उत्तरामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. जुन्या टर्बो इंजिनाची शक्ती वाढवायची आणि तरीही ते भरवशाचे ठेवायचे, हा प्रश्न स्पोर्ट्स मोटारीच्या हौशी मालकाला पडला, तसाच आपल्या रेल्वेलाही पडला. दोघांनाही उत्तर एकाच ठिकाणी सापडले.

आधी मूळ कल्पना पाहू. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे पंधरा किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाची शक्ती सिलिंडरमध्ये किती हवा मावते यावर ठरते. दुसरीकडे, इंधनातील ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा तप्त धुरावाटे वाया जातो. या धुराने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून सिलिंडरमध्ये भरावी, ही युक्ती स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने मांडली. त्याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. कल्पना सोपी, पण तप्त धुराच्या झोतात टिकणारा धातू त्या काळी सहज मिळत नव्हता. त्यामुळे जहाजांच्या डिझेल इंजिनांवर ती यशस्वी व्हायला १९२० चे दशक उजाडले. तेव्हा १७५० अश्वशक्तीची इंजिने २५०० अश्वशक्ती देऊ लागली.

दरम्यान विमानांनी एक वेगळी गरज पुढे आणली होती. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकू लागते. सॅनफर्ड मॉस या अमेरिकी अभियंत्याने १९१८ मध्ये लिबर्टी जातीचे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंच शिखरावर नेले. पायथ्याच्या प्रदेशाहून पुष्कळ खाली, डेटन येथे ३५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन शिखरावर २३० वर आले. टर्बोचार्जर जोडताच ते ३५६ अश्वशक्ती देऊ लागले.

मोटारींची पाळी

मोटारीत टर्बोचार्जर आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेअर आणि ओल्ड्समोबील जेटफायर या गाड्यांतून. जेटफायरची गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण फार दाबले व तापले, तर त्याचा काही भाग ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटतो आणि इंजिन ठोके देते. मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतात. हे ठोके दट्ट्या फोडू शकतात. उपाय म्हणून कंपनीने पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीत ठेवले. दाब वाढला की त्याचा फवारा आत जाई, बाष्पीभवनाने मिश्रण थंड होई आणि ठोके थांबत.

विज्ञान बरोबर होते, पण माणूस विसरभोळा. पुष्कळ मालक ही टाकी भरतच नसत. टाकी रिकामी झाली की इंजिन वाचवण्यासाठी दाब आपोआप कमी होई, आणि मग ‘गाडीत जोर नाही’ अशी तक्रार येई. दोन वर्षांत गाडी बंद झाली. पुढे १९६५ मध्ये टर्बोचार्जर काढून साधा कार्बुरेटर बसवून देण्याची तयारी कंपनीने दाखवली. जी सुधारणा मालकाच्या आठवणीवर अवलंबून असते, ती भरवशाची नसते, हा यातला धडा.

पुढची पिढी १९७० च्या दशकात युरोपात आली : १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो, १९७५ ची पोर्शे ९११ टर्बो. पोर्शेच्या पहिल्या गाडीची शक्ती २६० अश्वशक्ती होती. १९७८ च्या सुधारित गाडीत ती ३०० झाली. इंजिन थोडे मोठे केले होते, पण महत्त्वाची भर होती ती इंटरकूलरची. टर्बोचार्जर आणि इंजिन यांच्यामध्ये बसवलेला, दाबलेली हवा थंड करणारा हा रेडिएटरच.

इंटरकूलरने काय साधते याचा हिशेब करून पाहू. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड तापते, हा सर्वांचा अनुभव आहे. ३० अंश सेल्सियसची हवा टर्बोने १.८ पट दाबावर नेली, तर ती सुमारे ११५ अंशांपर्यंत तापते. केल्विनमध्ये ३०३ वरून ३८८. घनता वाढते १.८ × ३०३ ÷ ३८८, म्हणजे १.४१ पट. दाब १.८ पट झाला, पण हवा मिळाली १.४१ पटच. हीच हवा इंटरकूलरने ६० अंशांवर आणली, तर घनता १.८ × ३०३ ÷ ३३३, म्हणजे १.६४ पट होते. दाब मुळीच न वाढवता जास्त हवा मिळाली आणि वर ठोक्यांचा धोकाही घटला. दाब वाढवणे हा शक्तीचा एक मार्ग झाला. हवा थंड करणे हा दुसरा, आणि तो इंजिनाला अधिक मानवतो.

रेल्वेचा अनुभव

चिखलीत आगगाडी येत नाही. जालना, मलकापूर किंवा खामगाव गाठावे लागते. जालन्याच्या मार्गावर अनेक वर्षे गाड्या ओढणाऱ्या डिझेल इंजिनांत डब्ल्यूडीएम-२ हे नाव सर्वांत परिचित. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या रचनेचे हे इंजिन १९६२ पासून भारतात आले आणि १९६४ पासून वाराणसीला तयार होऊ लागले. सोळा सिलिंडर, टर्बोचार्जर आणि २६०० अश्वशक्ती.

गाड्या लांबल्या, डबे वाढले, तशी जास्त शक्ती हवी झाली. टर्बोचा दाब वाढवून इंधन जास्त सोडले असते, तर शक्ती वाढली असती, पण दट्टे आणि झडपा तापून लवकर निकामी झाल्या असत्या. म्हणून सुधारणा एकत्रित केली गेली. अधिक कार्यक्षम टर्बोचार्जर, दाबलेली हवा थंड करणारा मोठा कूलर, पोलादी माथ्याचे दट्टे, मोठ्या व्यासाचे इंधनपंप आणि बदललेला कॅमशाफ्ट, असा तो संच होता. १९९४ मध्ये यातून ३१०० अश्वशक्तीचे इंजिन आले. त्याला पुढे डब्ल्यूडीएम-३ए हे नाव मिळाले. सिलिंडरांची संख्या, त्यांचा व्यास आणि दट्ट्याची धाव तीच राहिली. शक्ती मात्र १९ टक्क्यांनी वाढली. जुनी इंजिनेही पतियाळाच्या कारखान्यात खोलून, नव्या भागांसह पुन्हा उभी केली गेली.

जुनी टर्बो स्पोर्ट्स मोटार सुधारणाऱ्याने हाच क्रम पाळावा. प्रथम प्रकृती तपासावी : सिलिंडरांतील दाब, तेलाची गळती, चिरलेले रबरी नळ. मग उष्णतेचा बंदोबस्त करावा : रेडिएटर, तेलाचा कूलर, इंटरकूलर. त्यानंतर इंधन आणि ठिणगी यांचे नियंत्रण. ठोके ओळखून दाब आपोआप कमी करणारी यंत्रणा साब कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभीच गाड्यांत आणली होती. जेटफायरला जे मालकाच्या आठवणीवर सोडावे लागले, ते इथे यंत्राने स्वतःकडे घेतले. या सर्वांनंतरच दाब वाढवण्याचा विचार करावा. क्रम उलटा केला, तर चार दिवस गाडी जोरात पळते आणि पाचव्या दिवशी गॅरेजात उभी राहते. मालमोटारीचा इंधनपंप ‘वाढवून’ घेणाऱ्यांच्या गाडीमागचा काळा धूर हीच चूक दाखवतो : इंधन वाढले, हवा वाढली नाही.

आता घाटमाथ्यावरच्या चालकाकडे परत येऊ. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकतो आणि बेअरिंगमधल्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे तेल वंगण तर देतेच, शिवाय उष्णताही वाहून नेते. इंजिन एकदम बंद केले की तेलाचा प्रवाह थांबतो. मात्र धुराच्या बाजूचे चक्र अजून शेकडो अंश तापलेले असते. ती उष्णता दांड्यावाटे बेअरिंगमध्ये उतरते, साचलेले तेल करपते आणि त्याचा कोळसा बनून तेलाच्या वाटा बुजवतो. नंतरच्या अनेक टर्बोचार्जरांत बेअरिंगभोवती पाणी खेळवले गेले, ते यासाठीच. जिथे ती सोय नाही, तिथे चालक स्वतः एक मिनिट देतो.

उष्णतेचे वहन, वायूंचे नियम आणि बाष्पीभवन हे तिन्ही धडे आपल्या पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या पानांवर असतात. घाटमाथ्यावर थांबलेल्या त्या मालमोटारीत ते एकत्र भेटतात. पुढच्या सहलीत गाडी तिथे थांबली, की मुलांना चालकाजवळ उभे करावे आणि त्या एका मिनिटाचे कारण मुलांनाच शोधू द्यावे.