आखाजीची घागर

वैशाखात जळगाव-धुळ्याचा पारा 44-45 अंशांना टेकतो आणि नेमकी त्याच सुमारास आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, येते. पितरांच्या नावाने घागर भरायची, तिच्या तोंडावर लहान मडके, त्यावर डांगर, सांजोरी, आंबा. त्या निमित्ताने कुंभाराकडचे कोरे मडके घरात येते. ही पूजा पितरांची खरीच, पण पाण्याचे भांडे दरवर्षी ऐन गरजेच्या वेळी बदलण्याची सोयही तिच्यात होती, असे मला वाटते. मडक्याचा गारवा त्याच्या छिद्रांत असतो. पाणी पाझरते, बाहेर वाळते आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. हिशेबाने एक लिटर पाणी उडाले की पन्नासेक लिटर पाणी दहा अंशांनी उतरावे. खानदेशाचा उन्हाळा कोरडा, म्हणून इथे हे साधते. कोकणच्या दमट हवेत तेच मडके आळसावते. पण पाण्यातले क्षार छिद्रांत बसत जातात, मडक्याच्या पोटावर पांढरी खपली धरते आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याचा गारवा मंदावतो.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक रूढीला विज्ञानाची झूल कशाला? निम्मी शंका मान्य. अक्षय्य तृतीयेचे उदककुंभदान खानदेशाबाहेरही आहे आणि ते सांगणाऱ्यांच्या डोक्यात छिद्रे नसणार. पण हेतू आणि परिणाम एकच असले पाहिजेत, असे थोडेच आहे? आजची घोट मोजणारी बाटली बजावून पाणी पाजते. घागरीने न बजावता पाजले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: भांड्याने भेदभावही पाजला. पाणपोईवरच्या लांब दांड्याच्या ओगराळ्यामुळे हात पाण्यात बुडत नाही, पण वरून ओंजळीत धार सोडायलाही तेच सोयीचे, आणि ओंजळ कोणाची हे आधी पाहिले जाई. ब्रिटिश काळात रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी वेगळे, मुसलमान पाणी वेगळे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला, तरी 1927 मध्ये अस्पृश्य मानलेल्यांना पाण्याच्या हक्कासाठी महाडच्या चवदार तळ्यावर जावेच लागले. म्हणजे भांडे सवय लावते, ती बरी की वाईट हे भांडे पाहत नाही. भांडे न बजावता सवय लावते हा माझा मुद्दा याने कोसळत नाही, उलट पक्का होतो. माठाला तोटी बसली तेव्हा ओगराळे गेले आणि वरून ओतणारा हातही गेला. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला असा माठ रस्त्याकडेच्या पाणपोईवर अजून दिसतो. पेला मात्र साखळीने बांधलेला असतो.