ओवीचं कुळ जात्यापाशी

ओवी म्हटली की ज्ञानेश्वरी आठवते. मग जात्यावरची ओवी म्हणजे त्याच छंदाचं घरोघर उतरलेलं साधंसुधं रूप, असा समज सहज होतो. पुरावा मात्र उलटा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी १२९० सालची. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षं ओवी मुसळाच्या ठेक्यावर रुळलेली होती. ज्ञानदेवांचं मोठेपण यानं तसूभरही कमी होत नाही. गीता मराठीत आणताना त्यांनी आयाबायांच्या तोंडचा छंद जवळ केला, हे मला फार मोलाचं वाटतं.

कांडण असो की दळण, बायकांच्या कामातून आलेल्या या कुळाची खूण ओवीतल्या भक्तीवरही आहे. पहाटे घर जागं व्हायच्या आत दोघी जात्याशी समोरासमोर बसायच्या. एकीनं मूठभर दाणे वैरायचे, दोघींनी खुंटा धरून पाळू फिरवायची. एका दमात मावेल एवढीच ओवी. दिवसभरात सुनेचं बोलणं मध्येच कुणी तोडणार नाही, अशी वेळ बहुधा हीच. तिथं विठ्ठल भाऊ होतो, पंढरी माहेर होते, रखुमाई कुणाही बाईसारखी रुसून बसते. हव्या त्या दिवशी माहेरी जाता न येणारीला हे माहेर रोज पहाटे गाठता येई. लेकाचा पाळणा, भावाची वाट, धन्याचं दुखणं, सगळं त्याच चालीत आणि त्याच देवापाशी. जनाबाईच्या अभंगांत तर देव स्वतःच दळू लागतो.

यावर कुणी म्हणेल, ही नाती संतांनी दिली, बायकांनी ती उचलली. हाती असलेल्या बहुतेक ओव्या विसाव्या शतकात टिपलेल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक ओळीचं वय काढता येत नाही, हे खरंच; देवाणघेवाण दोन्हीकडून झाली असणार. पण माहेरची ओढ काय असते, हे सासुरवाशिणीला कुणी शिकवायला नको होतं. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: अशा श्रद्धेनं बाईला सोसायलाच शिकवलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकारानं गोळा झालेल्या लाखभर ओव्या वाचल्यावर मला ते पटत नाही. तिथं सीतेच्या वनवासाबद्दल रामाला जाब विचारला जातो, लेकीला लांब देणाऱ्या बापाला बोल लावला जातो. नात्यातल्या देवाशी भांडता येतं; गाऱ्हाणं गिळावं लागत नाही, हाच त्यातला दिलासा.

पिठाची गिरणी आली आणि मनगटं सुटली, हे चांगलंच झालं. त्याबरोबर ती पहाटही गेली. लग्नघरी मात्र अजून कुठे कुठे जातं मांडतात, हळकुंड-सुपारी बांधून त्याची पूजा करतात आणि सवाष्णी मूठभर हळद दळतात. पहिली ओवी देवाची. ती उचलून द्यायला घरातली सगळ्यांत म्हातारी बाई लागते.