अराता इझुमी : परदेशी कोट्यातून भारताच्या जर्सीत

शाहू स्टेडियमवर परदेशी खेळाडू दिसला तर कोल्हापूरकराला त्याचं नवल वाटत नाही. नायजेरियातली पोरं आपल्या तालमींकडून खेळली, पेठेनं त्यांना डोक्यावर घेतलं. हंगाम संपला, की निघाली. व्यावसायिक फुटबॉलमध्ये परदेशी खेळाडूचं नातं असंच करारापुरतं असतं. आज ज्याच्याबद्दल बोलायचंय, त्यानं ते त्याच्या पलीकडे नेलं.

जपानी फुटबॉलपटू परदेशी गेले हा इतिहास सांगताना ओकुदेरापासून सुरुवात होते. १९७७ मध्ये तो पश्चिम जर्मनीत कोलोनकडून खेळायला गेला आणि पहिल्याच हंगामात लीग आणि कप दोन्ही जिंकला. मग १९९८ मध्ये नाकाता इटलीत पेरुजाकडे. ही सगळी वाट युरोपची. अराता इझुमीची वाट वेगळी. जन्म १९८२ चा, शिमोनोसेकीचा. आई जपानी, वडील गुजराती. सिंगापूरमध्ये आल्बिरेक्स निगाताकडून खेळून तो २००६ मध्ये कोलकात्याला ईस्ट बंगालकडे आला. पुढं मुंबईत महिंद्रा युनायटेड आणि २००९ पासून पुणे एफसी.

पुण्याचा क्लब तेव्हा नवाच होता, २००७ चा. बालेवाडीच्या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये प्रेक्षक थोडे. (आपल्याकडं एखाद्या पेठेच्या सामन्याला त्याहून जास्त येतात, हे मी अभिमानानं नाही, जरा खेदानंच सांगतो!) तरी आय-लीगच्या पहिल्याच हंगामात ते तिसरे आले, २०१२-१३ मध्ये दुसरे. मधल्या फळीत इझुमी.

आता खरा मुद्दा. २००८ मध्ये केंद्र सरकारनं ठरवलं, की भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्ट हवा. नुसतं भारतीय मूळ पुरणार नाही. दुहेरी नागरिकत्व आपला कायदा मानत नाही, जपानचाही मानत नाही. म्हणजे वडिलांच्या देशाकडून खेळायचं, तर जन्मभूमीचा पासपोर्ट सोडायचा. आणि विचार करा, कुठला पासपोर्ट! जगात बहुतेक ठिकाणी व्हिसाशिवाय जाता येतं असा. तो देऊन घ्यायचं काय, तर क्रमवारीत दीडशेच्याही खाली असलेल्या संघातली जागा, तीही नक्की नाही. त्यानं हे केलं. २०१२ मध्ये तो भारतीय नागरिक झाला आणि नीलकंठ खंभोळजा हे नावही त्यानं घेतलं.

फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीला पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताकडून उतरला. वय तिशी ओलांडलेलं. सामना आपण ४-२ नं हरलो. पुढं त्याला फार सामने मिळाले नाहीत. माझं स्पष्ट मत आहे, की हा निर्णय पाच वर्षं आधी शक्य झाला असता, तर आकडे वेगळे दिसले असते. सरकारी नियम खेळाडूच्या गुडघ्याचं वय बघत नाही.

एक गोष्ट मात्र लगेच बदलली: क्लबच्या परदेशी कोट्यातलं त्याचं नाव गेलं. त्या जागेवर पुण्याला दुसरा परदेशी खेळाडू घेता येणार होता. महिंद्रा युनायटेड २०१० मध्येच बंद पडला होता, पुणे एफसीही २०१५ नंतर राहिला नाही. ज्या दोन क्लबांनी त्याला महाराष्ट्रात आणलं ते दोन्ही गेले. तो मात्र इथंच राहिला. कोलकाता, केरळ, मणिपूर असा इंडियन सुपर लीग आणि आय-लीगमध्ये खेळत राहिला, आणि बूट काढल्यावर मुलांना शिकवायला लागला.